बसस्टँडपर्यंतची पांढरी वाट

त्रिशला,

लोक म्हणतात तू चाकांपायी गेलीस. परवा भाजीच्या गाड्यापाशी एक बाई दुसरीला सांगत होती, "तीच गं ती, पायाला चाकं लावून हिंडायची. पडली आसंल कुटंतरी." मी शेजारीच दोडकी निवडत होते, नेहमीसारखी गप्प. मग काय झालं कुणास ठाऊक, हातातलं दोडकं खाली ठेवलं आणि म्हणाले, "तापानं गेली ती. बेळगावात. चाकांवरनं कदी पडली न्हाय." बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मीही राहिले असते. तुझी वहिनी भर बाजारात एवढं एका दमात बोलली, हे माझ्याही कानांना नवीन होतं.

तू तापानं गेलीस. आम्ही निपाणीहून पोचलो तेव्हा तुझे डोळे उघडे होते, पण तू मला ओळखलंस की नाही ते मला सांगता येणार नाही. त्या तापाबद्दल सगळे विचारतात. कधी आला, कुठल्या डॉक्टरला दाखवलं, रक्त तपासलं होतं का. पण निपाणीत एवढं घर असताना, आई असताना, भाऊ असताना तू बेळगावात एका खोलीत एकटी का राहत होतीस, हे मला कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगते. उशिरा सांगते. तेव्हा नुसतं उभं राहून एक वाक्य बोलले असते तर आज हे सगळं लिहावं लागलं नसतं.

सदलग्याहून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तू शाळेत होतीस. मला माणसांशी बोलायला जमत नव्हतं, अजून जमत नाही. मला एकच गोष्ट जमायची. पहाटे सडा टाकून पायरीपुढं बसलं, चिमटीतनं धार सोडली, की हात आपोआप चालायचा. ठिपके न मांडता वेल काढायची ही माझ्या आईची रीत. तू दात घासत पायरीवर येऊन बसायचीस, तोंडात फेस, आणि बघत राहायचीस. एकदा विचारलंस, "वैनी, तुमची रांगोळी दारापुरतीच का?"

"दार आपलं. फुडं रस्ता."

"रस्ता कुनाचा?"

"गाडीवाल्यांचा."

तू एवढी हसलीस की फेस माझ्या वेलीवर उडाला. मी रागावले. तू पुढं कितीदा तरी लोकांना हे सांगितलंस, "आमच्या वैनींच्या मते रस्ता गाडीवाल्यांचा हाय." मला दरवेळी लाज वाटायची. मला ते विनोदाचं वाटतच नव्हतं गं. मला ते खरंच तसं वाटत होतं.

कॉलेजसाठी तू मामाकडं बेळगावला गेलीस आणि स्केटिंग शिकून आलीस. बेळगावात बारकी बारकी पोरं चाकांवर पळतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तू मात्र त्या पोरांमध्ये बाप्याएवढी उंच पोरगी, रोज आपटायचीस. सुट्टीला घरी आलीस तेव्हा चाकांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून तो जोड तू गळ्यात घातला होतास. तुझी आई म्हणाली, "ही काय अवदसा गळ्यात घालून आलीस? मंगळसूत्र घालायच्या वयात?" तू म्हणालीस, "आई, ह्याला ब्रेक हाय. त्याला न्हाय." घरात कुणी हसलं नाही. मी स्वैपाकघरात जाऊन हसले.

नंतर तू शाळेत चित्रकलेची बाई झालीस आणि घरामागची आपली जुनी तंबाखूची वखार मुलींसाठी मागून घेतलीस. सिमेंटची जमीन, गुळगुळीत. तंबाखू कधीच बंद झाली होती, पण वास भिंतींत मुरलेला. रविवारी मुली यायच्या, आधी शिंकायच्या आणि मग चाकं बांधायच्या. आपल्या जैन समाजातल्या होत्या, मराठ्यांच्या होत्या, मुसलमानांच्या होत्या, विड्या वळणाऱ्या बायकांच्या लेकी होत्या. एक कानडीत ओरडायची, दुसरी मराठीत उत्तर द्यायची, पडल्यावर सगळ्या एकाच भाषेत "आई गं" म्हणायच्या. मी चहा घेऊन यायचे आणि दाराशी थांबायचे. तू म्हणायचीस, "या की आत. धरतो मी तुमाला." मी म्हणायचे, "दूध उतू जाईल." आतमध्ये गॅसवर काही नसायचं.

भिंती रंगवायचं तूच काढलंस. चुन्यानं पांढऱ्या केल्यास आणि मुलींना म्हणालीस, "फुलं-पक्षी नको. गावात तुमाला जिथं भ्या वाटतं ती जागा काढा." मला वाटलं स्मशान काढतील, विहीर काढतील. एकीनं पानपट्टीचा कोपरा काढला. दुसरीनंही तोच. तिसरीनं बंद पडलेला खांबावरचा दिवा काढला आणि खाली गाड्या लावून बसलेले पाय, नुसते पाय, तोंडं नाहीत. भिंत भरत गेली तसं कळत गेलं की जवळजवळ सगळ्या एकच रस्ता काढतायत. शाळेपासून बसस्टँडपर्यंतचा. त्या दिवशी तू चाकं न बांधता बराच वेळ भिंतीपुढं उभी होतीस. मग माझ्याकडं वळून म्हणालीस, "वैनी, आता तुमची रांगोळी दाराच्या फुडं जाऊ दे."

तुझी युक्ती साधी होती. आपल्याकडचा माणूस कितीही उर्मट असू दे, रांगोळीवरनं चाक घालायला कचरतो. शिव्या घालील, पण गाडी कडेनं काढील. मग रस्त्याच्या एका बाजूनं, एका मुलीला सायकलवरनं नाहीतर चाकांवरनं जाता येईल एवढी वाट रांगोळीनंच आखायची. अर्ज नको, निवेदन नको, घोषणा नको. मुनिमहाराज पायी विहार करत गावात येतात तेव्हा बायका रस्ताभर रांगोळी घालतात, त्याला कुणी परवानगी विचारतं का? तसंच.

पहाटे आपण दोघी निघायचो. घरात मी म्हणायचे, फुलं आणायला जाते. तू चाकांवर, कमरेत वाकून, रांगोळीचं नळकांडं जमिनीलगत धरून सुटायचीस आणि मागं एक लांब सरळ रेघ उमटत जायची. मग परत येताना दुसरी. एवढी सरळ रेघ मी आयुष्यात पाहिली नव्हती. दोन रेघांच्या मध्ये बसून वेली भरायचं काम माझं. उजाडायच्या आत मी घरी, आंघोळ करून चहा टाकलेला. रस्त्यावर सापडायचीस ती तू. कुणी विचारलं तर म्हणायचीस, "मी आनि माज्या पोरी." मला त्यातनं वगळायचं हे आपलं कधी बोलून ठरलं नव्हतं. मला बरं वाटायचं, म्हणून मीही कधी विषय काढला नाही.

आणि गाड्या खरंच कडेनं जायला लागल्या. मुली त्या वाटेनं ऐटीत जायच्या. पानपट्टीपुढची पोरं रेघेच्या बाहेर उभी राहून म्हणायची, "ए चाकवाले, लायसन हाय का?" विडीवालीची रेश्मा एकदा थांबून म्हणाली, "माजं ऱ्हाऊ दे. तुला हितं हुभं ऱ्हायचं लायसन कुनी दिलं रं?" त्या दिवशी तिनं वखारीत येऊन हे सांगितलं. तू तिला जवळ घेतलंस आणि हसता हसता रडलीस.

एकदा मी घोळ घातला, आठवतो? रांगोळी संपली की हळदकुंकू वाहायची सवय. मी वाट पुरी करून हात झटकले आणि दर थोड्या अंतरावर बोटानं हळद आणि कुंकू टाकलं. सकाळी पोरांची एक टोळी आली, खूश होऊन. म्हणाली, शाब्बास, कन्नडचा झेंडा काढला. त्यांच्या मागनं दुसरी आली, डोळे लाल करून. म्हणाली, आमच्या मराठी गल्लीत लाल-पिवळं का? तू मध्ये उभी, पायाला चाकं. "दादा, हळदकुंकू हाय ते. घरात जाऊन आईचं कपाळ बगून या." मग दोन्ही टोळ्यांनी एकच मागणी केली, की वाटेवर काहीतरी लिहा, आमच्या अक्षरात. तेव्हापासून तुझा नियम, नुसतं पांढरं, आणि अक्षर एकही नाही. तू म्हणायचीस, इथं अक्षर काढलं की ते कुणाच्या बाजूचं हे आधी बघतात, काय लिहिलंय ते नंतर.

तुझा दुसरा नियम माझ्यासाठी होता. जिवाचं चित्र रस्त्यावर काढायचं नाही. आपल्या घरात जिवाचा आकार म्हणून साखरेचे हत्ती-घोडेसुद्धा खात नाहीत, मग पायाखाली माणूस कसा काढायचा? मला हे कळत होतं. पण वेली काढून काढून माझा हात कंटाळला होता. मी म्हणाले, "एक पोरगी काढू या. तोंड आसलं की कुनी चाक घालनारच न्हाय."

"आनि घातलं तर?"

"न्हाय घालत."

"वैनी, पोरींच्या डोळ्यांदेखत पोरीच्या तोंडावरनं टायर गेला तर? वेल पुसली तर दुसरी काढता येती. ते मग पुसत न्हाय. नको."

"तू फार भितीस."

मी तुला म्हणाले हे. मी. तू नळकांडं भरायला लागलीस. तो वाद तिथंच राहिला. आता तो मला एकटीलाच पुढं चालवावा लागतो, दोन्ही बाजूंनी.

त्या दिवशी तू रेघा मारून शाळेच्या टोकाला गेलीस, तिथली कड फिसकटली होती म्हणून. बसस्टँडच्या टोकाला मी एकटी. वेल पुरी झाली होती आणि थोडी जागा उरली होती. मी तिथं एक बाई काढली. मुलगी नव्हे, बाई. माझ्या वयाची. पायाला चाकं, डोक्यावर पदर नाही, वेणी वाऱ्यावर मागं उडालेली, तोंड वर. हाताला विचारलं नाही, हातानं काढली. तुझ्या नियमाचा राग होता, हे खरं. पण त्याहून जास्त काय होतं ते आज लिहिते. वखारीच्या दाराशी उभं राहून दूध उतू जाण्याच्या थापा मारणारी मी, मला तिथं एकदा तरी जायचं होतं. मी तिच्याकडं क्षणभर बघितलं, घाबरले, आणि पुसायच्या ऐवजी घरी पळाले.

महाराजांचा विहार कधी होईल ते कुणाला ठाऊक नसतं. जवळच्या गावात मुक्काम होता, दुसऱ्या रस्त्यानं येतील असं सगळे धरून चालले होते. नेमके त्याच सकाळी ते या रस्त्यानं आले. घराघरातनं बायका कलश घेऊन धावल्या, मीही धावले, अजून केस ओले होते. पांढरी वाट बघून लोक म्हणाले, "वा, काय रांगोळी घातलीया महाराजांसाठी!" आणि महाराजांना त्या वाटेनंच घेऊन निघाले. पुढं वाजंत्री, मागं जयजयकार. मला ओरडायचं होतं. मी कलश धरून गर्दीबरोबर चालत राहिले.

शेवटच्या टोकाला महाराज थांबले. मागची गर्दी एकमेकांवर आदळली, वाजंत्री बंद झाली. त्यांनी खाली बघितलं. बराच वेळ. मग ते वाटेतनं बाहेर पडले, कडेच्या धुळीत उतरले, त्या बाईला वळसा घातला आणि पुढं चालायला लागले. एक शब्द नाही, कपाळावर आठी नाही. त्यांच्या दृष्टीनं ते तिथंच संपलं. आपल्यांच्या दृष्टीनं तिथं सुरू झालं. समाजातले थोरले, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते मागं राहून गरजले, "महाराजांच्या पायाखाली बाई काढली? कुनाचा धंदा ह्यो?" वाट कुणाची हे गावाला ठाऊक होतं. सगळ्या माना तुझ्याकडं वळल्या. तू तेव्हा शाळेच्या टोकाकडनं धावत येत होतीस, काय झालंय ते तुला माहीतसुद्धा नव्हतं. तू आलीस, खाली बघितलंस, आणि मला दिसलं की तुला कळलं.

बस्तीच्या, आपल्या मंदिराच्या, सभागृहात बैठक भरली. पुरुष पुढं सतरंजीवर, बायका मागं. तू मधोमध उभी.

"कुनी काढलं ते?"

"मी."

एवढाच शब्द. मी तुझ्या आईशेजारी बसले होते. आप्पांनी मग सगळंच काढलं. पोरी रस्त्यावर नाचवतीस, परजातीच्या पोरी वखारीत आणतीस, आणि चातुर्मासात चाकं फिरवतीस, चाकाखाली किती जीव मरतात ठाऊक हाय का? तू खाली मान घालून ऐकत होतीस, पण हे ऐकल्यावर तुला राहवलं नाही. "आप्पा, तुमच्या फटफटीखालचे जीव काय हॉर्न ऐकून बाजूला हुतात व्हय?" बायकांच्या बाजूनं एक हसू फुटलं आणि लगेच विझलं. तुझ्या अण्णांचे, माझ्या नवऱ्याचे, कान लाल झाले. मग तू माफी मागितलीस. हात जोडून, नीट. वखारीला कुलूप लावायचं ठरलं. पोरी रस्त्यावर दिसायच्या नाहीत असं ठरलं. तुझ्या अण्णांनी मान हलवली.

माफी मागताना तू एकदा बायकांच्या बाजूला बघितलंस. मी माझ्या हातांकडं बघत होते. नखांच्या कडांत अजून पांढरं होतं. मी बोटं पदराखाली घेतली.

घरी येताना तू माझ्याबरोबर चाललीस. मला वाटलं आता बोलशील, मला हवं होतं तू बोलावंस, चारचौघांत शिव्या द्याव्यास. तू म्हणालीस, "वैनी, महाराज कडेनं गेले बघा. एवढ्या माणसांत त्यांना एकट्याला कळलं." तुझा चेहरा उजळला होता. मी विचारलं, "माझं नाव का घेतलं न्हाईस?" तर म्हणालीस, "तुमाला ह्या घरात ऱ्हायचं हाय. माजं काय."

त्या वाक्यावर मी जगले. त्याला मोठेपणा म्हटलं, तुझा स्वभावच तसा म्हटलं, आणि भाकऱ्या थापत राहिले. आज कबूल करते, मला तुझा रागही आला होता. तू माझं नाव घेतलं असतंस तर मी रडले असते, भांडले असते, काहीतरी झाले असते. तू मला वाचवलंस आणि मी होते तेवढीच राहिले. तू बॅग भरलीस तेव्हा मी चटणीची बरणी बांधून दिली. दुसरं काही दिलं नाही.

मग फोन. "कशी आहेस?" "बरी हाय." "जेवलीस?" "जेवलो." बेळगावच्या रिंकवर लहान मुलांना शिकवत होतीस, एक मुलगा तुला 'चाकआज्जी' म्हणतो म्हणून सांगत होतीस. त्या दिवसाचं नाव दोघींनी घेतलं नाही. एकदाच विचारलंस, "रांगोळी घालताय न्हवं?" मी म्हणाले, "घालते की." खोटं बोलले. मी पायरीपुढं नुसते ठिपके टाकत होते आणि आत येत होते. तुला कळलं असेल असं मला वाटतं. मग म्हणालीस, "बरं. येतो आता, पोरं आली." फोनवरचं तुझं तेच शेवटचं असं नाही, पण माझ्या कानांत तेच राहिलं आहे.

गेल्या आठवड्यात त्याच सभागृहात तुझी विनयांजली, शोकसभा, झाली. तसंच, पुरुष पुढं, बायका मागं. आप्पा बोलायला उठले. वाईट नाही बोलले, मायेनंच बोलले. म्हणाले, "पोरगी गुणाची. जरा भरकटली हुती. पर चूक पदरात घ्यायचं मन मोठं हुतं तिचं." लोकांनी माना हलवल्या. आता हे असंच राहणार होतं. तुझ्या नावापुढं ती चूक कायमची लागणार होती, वर तिच्याबद्दल शाबासकी मिळणार होती, आणि मी घरी जाऊन पाहुण्यांना चहा करणार होते.

मी उभी राहिले. पुढच्या बाईच्या खांद्याला धरलं. "आप्पा, ती चूक तिची न्हवती. ते चित्र मी काढलतं. तिनं नको म्हनून सांगितलं हुतं, तरी काढलं. तिनं माज्यासाठी माफी मागितली, आनि मी मागं बसून ऐकली."

पुरुषांची सगळी डोकी मागं वळली. फक्त एक वळलं नाही, तुझ्या अण्णांचं. मी बायकांकडं बघितलं, कारण खरी भीती मला त्यांची होती. आता कुजबुज होईल, कुणी छी म्हणेल, कुणी पदर तोंडाला लावेल. काहीच झालं नाही. एकीनं मांडीवरचं पोर सारखं केलं. एक जमिनीकडं बघत होती. त्यांच्यापैकी एकीलाही नवल वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर मी तुझ्या आईपुढं जाऊन बसले. त्या तांदूळ निवडत होत्या, सुपातनं मान वर न करता म्हणाल्या, "बोललीस ती बोललीस. मला त्याच दिवशी ठाऊक हुतं."

"काय ठाऊक हुतं?"

"रोज पायरीवर तुजा हात बगतो मी. येलीला जसा पीळ देतीस तसाच त्या बाईच्या येनीला दिलतास. मी काय, गल्लीतल्या सगळ्या वळिकतात. बायकांचा हात बायकास्नी वळकू येत न्हाय व्हय?"

"मग बोलला का न्हाई?"

त्यांचा हात सुपात थांबला. "लेक जानारीच आसती. आज न्हाय तर उद्या. सून गेली तर घर कुनी बगायचं? मला वाटलं, जाईल, ऱ्हाईल थोडं दिवस, राग उतरला की येईल." मग थोड्या वेळानं, "आशी जाईल म्हनून कुनाला ठाऊक हुतं गं?" आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. निवडलेले आणि खडे त्यांनी एकत्रच केले.

त्रिशला, माझा गुन्हा वाटून घ्यायला एवढ्या जणी आहेत हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सभागृह भरून बायका बसल्या होत्या, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तू मधोमध एकटी उभी होतीस. आणि तुला जाऊ द्यायचं, मला ठेवायचं, हे हिशेबानं झालं. मी चांगली म्हणून नव्हे. मी चहा वेळेवर करते म्हणून.

तुझे अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. मग जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "तवाच सांगितलं आसतंस तर..." मी विचारलं, "तर काय केलं असतंत?" त्यांनी घास चावला, पाणी प्यायले. "म्हाईत न्हाय," म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत आमच्यात झालेलं हे सगळ्यात खरं बोलणं. मी वखारीची किल्ली मागितली. वखार दुसऱ्याला द्यायचं बोलणं झालंय, म्हणाले. मी म्हणाले, मोडा ते बोलणं. ते उठून हात धुवायला गेले. किल्ली अजून मिळालेली नाही.

तुझ्या वखारीतल्या मुली भेटायला आल्या होत्या. रेश्मा आता केवढी झालीय. मला वाटलं किल्लीचं विचारतील. रेश्मा म्हणाली, "आक्का, रविवारी तुमी येशीला का? रस्त्यावर."

"मला चाकांवर हुभंसुद्धा ऱ्हायला येत न्हाय गं."

"चाकांवर कुनी म्हनतंय? तुमी नुसतं कडेला थांबा. मोठं मानूस कुनीतरी थांबलेलं दिसलं की पोरं लांब ऱ्हातात. त्रिशलाक्का हुत्या तवा आमी एकट्या न्हवतो."

आज रविवार. हे मी बसस्टँडच्या कट्ट्यावर बसून पुरं करते आहे, म्हणजे मध्येच उठून उभी राहते आणि पुन्हा बसून लिहिते. उजाडून ऊन आलंय. रस्त्यावर काही आखलेलं नाही, नुसत्या चाकांवरच्या मुली आहेत. थोड्याच आल्या. बाकीच्यांना घरून सोडलं नाही. पानपट्टीपुढं पोरं आहेत, माझ्याकडं बघून त्यांनी एकदा शीळ घातली. मी कुठं बघायचं ते मला समजेना, म्हणून त्यांच्याकडंच बघितलं. आप्पा बस्तीला निघाले होते, गाडी हळू केली आणि गेले. त्यांच्या मागनं तुझे अण्णा. त्यांनीही मला बघितलं. थांबले नाहीत.

तू असतीस तर मला म्हणाली असतीस, वैनी, पदर खोचा आणि हसा जरा. मला हसू येत नाही अजून. घरी गेल्यावर काय होणार आहे तेही ठाऊक नाही. दुपारचा स्वैपाक व्हायचाय, तुझी आई वाट बघत असेल. मी मघाशी मुलींना चला म्हणाले, तर रेश्मा पलीकडनं ओरडली, "आक्का, आजून दोन फेऱ्या!"

मारू दे.